हाताने केलेली शुभेच्छापत्रं: थर लावताना या चुका टाळा

राखीसोबत भावाला पाठवायला मी एकदा कार्ड केलं होतं. ऑगस्टचा पाऊस, खिडक्या बंद, टेबलावर कागदच कागद. खाली गडद निळा थर, त्यावर सोनेरी, त्यावर हस्तिदंती, मधोमध कागदी फुलं आणि कडेने अर्ध्या मोत्यांची ओळ. रात्री पूर्ण झालं तेव्हा इतकं देखणं दिसत होतं, की सकाळपर्यंत थांबायचा धीर नव्हता. तसंच पाकिटात घातलं. चार दिवसांनी नाशिकहून फोन आला. "ताई, कार्ड मिळालं. मोती पाकिटात सुटे सापडले, ते वाटीत काढून ठेवलेत." त्याने पाठवलेल्या फोटोत माझं कार्ड भाजलेल्या पापडासारखं वळलेलं होतं.

तेव्हापासून बिघडलेलं कार्ड मी टाकून देत नाही. मागे पेन्सिलने कारण लिहून एका खोक्यात ठेवते. ते खोकं उघडलं की दिसतं, रंगसंगती किंवा सजावट चुकल्यामुळे वाया गेलेली कार्डं अगदी थोडी आहेत. बहुतेक पाण्यामुळे बिघडलीत, काही गोंदातल्या तर काही हवेतल्या. उरलेली वजनामुळे. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते. डब्याबाहेर राहिलेला पापड जसा सादळतो, तसा कागदही सादळतो, फक्त तो हाताला लगेच कळत नाही.

कागद नजरेने निवडणं

दुकानात 'कार्डशीट' म्हटलं की काहीही पुढे येतं. रंग आवडला म्हणून घेतलेला कागद घरी आल्यावर लुळा निघतो आणि त्यावर तीन थर चढले की कार्ड उभं राहत नाही. कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद 70 ते 80 जीएसएमचा असतो. कार्डाच्या मुख्य घडीला 250 ते 300 लागतो आणि वरच्या थरांना 120 ते 160 पुरतो. सगळेच थर 300चे घेतले, तर कार्ड पुठ्ठ्यासारखं जड होतं.

पाकिटावर आकडा नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. ए-फोर आकाराचे 16 कागद मिळून 1 चौरस मीटर होतो. चार कागद एकत्र तोला आणि येणाऱ्या वजनाला चारने गुणा. 62 ग्रॅम भरले तर कागद साधारण 250 जीएसएमचा. अंदाजाने बोटात चाचपण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं आहे.

ग्रेन न बघता घडी घालणं

घडीवर कागदाला तडे जातात, आतला पांढरा गर दिसतो, घडी वाकडी बसते. अशा वेळी आपण कागदाला दोष देतो. पण कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो, तशी यंत्रावर तयार झालेल्या कागदातही तंतूंची एक दिशा असते. छापखान्यातले लोक तिला ग्रेन म्हणतात. वर्तमानपत्र फाडून बघा, एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. जाड कागद न फाडता ओळखायचा तर दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या रेषेवर तो सहज वाकतो, ती त्याची दिशा आणि घडी त्याच दिशेला समांतर हवी.

थर लावतानाही सगळ्या कागदांची दिशा एकच ठेवा. ओला झालेला कागद तंतूंच्या आडव्या बाजूने जास्त फुगतो. एक थर उभा आणि एक आडवा लागला, तर दोघं वेगवेगळ्या बाजूंना ओढतात आणि कार्ड पिळवटतं. हातकागदाला हा त्रास फार कमी, कारण त्यातले तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी सुती चिंध्यांपासून होणारा कागद मला म्हणूनच फार आवडतो. पण त्यावर शाई पसरू शकते, तेव्हा आधी कोपऱ्यावर लिहून बघा.

घडी घालण्यापूर्वी स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची. इथे बहुतेक जण फसतात, कारण दाबलेल्या खाचेच्या आत कागद मिटावासा वाटतो. खरं तर उलट करायचं. दाबल्यावर मागच्या बाजूला जो उंचवटा येतो, तो घडीच्या आत गेला पाहिजे. असं केलं की वरचा पापुद्रा ताणला जात नाही आणि तडे जात नाहीत.

थराचं माप चुकणं

ए-फोर अर्धा कापून दुमडला की 105 × 148 मिलिमीटरचं कार्ड होतं. चारी बाजूंनी 3 मिलिमीटरची किनार हवी, तर वरचा थर 99 × 142चा कापायचा आणि त्यावरचा 93 × 136चा. म्हणजे दर वेळी 6 मिलिमीटर कमी. मुलं हमखास 3च कमी करतात आणि मग किनार दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटरची उरते. एवढ्या बारीक किनारीत केसभर तिरकेपणाही डोळ्यांत भरतो. कटरने एकाच दमात कापू नका, तीन-चार हलके हात फिरवा आणि पातं बोथट वाटलं की टोकाचा तुकडा मोडून टाका.

गोंद

इथे जरा थांबून समजून घेतलंत, तर अर्धी कार्डं वाचतील.

पांढरा गोंद, ज्याला आपण सरसकट फेविकॉल म्हणतो, त्यात पाणी असतं. तो कागदाच्या एका बाजूला लागला की तिथले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि कागद दुसऱ्या बाजूला वळतो. पुढे वाळताना तीच बाजू आक्रसते आणि कागद गोंदाच्या बाजूला ओढला जातो. पापडासारखं वळणं ते हेच. गोंद जितका जास्त, तितकी ओढ जास्त. मी त्या राखीच्या कार्डाला बोटाने भरभरून गोंद लावला होता, सुटू नये म्हणून, आणि त्यामुळेच ते बिघडलं.

मोठ्या सपाट थरांना पांढरा गोंद लावूच नका. तिथे डबल साइड टेप चांगली, कारण तिच्यात पाणी नसतं. चारी कडांना आणि मध्ये एक आडवी पट्टी पुरते. गोंदच वापरायचा असेल तर जुन्या कार्डाच्या तुकड्याने मधून बाहेर ओढत पातळ हात द्या, थर लावा, वर बटर पेपर ठेवा आणि जाडजूड शब्दकोशाखाली रात्रभर दाबून ठेवा. पंख्याखाली उघडं ठेवून घाईने वाळवलं तर कडा आधी वाळतात, मधला भाग ओला राहतो आणि फुगवटे येतात.

कार्ड वळलंच असेल तर निराश होऊ नका. आतल्या बाजूला, मजकुराच्या जागी, त्याच जाडीचा कागद त्याच पद्धतीने चिकटवा. आता दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली, की दाबाखाली ते बरंचसं सरळ होतं. माझ्या खोक्यातली काही कार्डं अशी परत वापरात आली आहेत.

घरी शिजवलेली मैद्याची खळ जपून वापरा. ती कागदावर सुंदर बसते, पण दमट हवेत तिला बुरशी लागते आणि कसर तर खळीवर टपलेलीच असते. जुने बाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालत. ते विषारी आहे, मुलं हाताळणार असतील तिथे नकोच.

मोती, आरसे आणि कुंदन सुटणं

पांढरा गोंद सुकतो म्हणजे त्यातलं पाणी बाहेर पडतं. दोन कागदांमध्ये असेल तर कागद ते शोषून घेतो. प्लॅस्टिकचा मोती आणि धातूसारखा चकाकणारा कागद यांच्यामध्ये मात्र पाण्याला जायला वाटच नसते. वरून वाळलेला दिसणारा थेंब आत ओलाच असतो. पावसाळ्यात अशा जागी एक दिवससुद्धा कमी पडतो, मी दोन दिवस थांबते.

मोत्याखालच्या जागी चकाकी सुईने किंवा बारीक पॉलिश पेपरने किंचित खरवडून घ्या, म्हणजे गोंदाला धरायला काहीतरी मिळतं. मोत्याचा तळ कोरड्या कापडाने पुसा. गोंद टूथपिकच्या टोकाने, मोहरीएवढा. सजावटीसाठी कापडाचा किंवा क्राफ्टचा घट्ट गोंद पांढऱ्यापेक्षा चांगला बसतो. क्षणात चिकटणारा गोंद मी कार्डांवर वापरत नाही. त्याच्या वाफेने गडद कागदावर आणि आरशावर पांढुरकी धूळ बसते, दमट हवेत तर जास्तच. सुटलेला मोती परत लावताना जुना गोंद पूर्ण खरडून काढा, गोंदावर गोंद टिकत नाही.

फोम टेप फक्त कोपऱ्यांना लावणं

उठावदार थराखाली चार कोपऱ्यांना फोम टेपचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या जाड स्पंजी पट्टीचे, चार तुकडे लावले, की आज सगळं ठीक दिसतं. पाकिटांच्या गठ्ठ्यात दाब आला की मधला भाग बसतो आणि तिथे खळगा पडतो. मध्ये एक तुकडा हवाच, मोठ्या थराला दोन-तीन. एकाच थराखाली 1 आणि 2 मिलिमीटरचे तुकडे मिसळू नका. फोम लागल्यावर कार्ड पुस्तकाखाली दाबायचं नाही, सगळी दाबादाबी त्याआधीच उरका.

खरी फुलं, ग्लिटर आणि मजकूर

पुस्तकात दाबलेलं फूल कार्डावर लावायचं असेल तर ते कुरकुरीत वाळलेलं हवं. अर्धवट ओल्या पाकळ्या तपकिरी पडतात आणि कागदावर डाग सोडतात. मुंबईत जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या कुंपणावर मिळणारी बोगनवेल यासाठी उत्तम, तिच्या रंगीत पानांत मुळातच पाणी कमी असतं आणि रंगही बराच टिकतो. ग्लिटरचं थोडक्यात सांगते: ज्याला कार्ड मिळणार, त्याच्या घरभर ते सांडतं. लहान बाळ असलेल्या घरी पाठवू नका.

मजकूर मात्र सगळ्यात आधी लिहा. मोती, फोम लागल्यावर कार्ड टेबलावर सपाट बसत नाही, हात अडखळतो आणि अक्षर बिघडतं. आजीच्या पंचाहत्तरीच्या कार्डावर शेवटच्या ओळीत शाई पुसली गेली तर तीन दिवसांचं काम जातं. मी वेगळ्या पांढऱ्या कागदावर मजकूर लिहिते, पूर्ण वाळू देते आणि मग आत चिकटवते. चकाकत्या कागदावर जेल पेनची शाई बराच वेळ ओली राहते, हाताखाली कोरा कागद ठेवा.

खरेदी आणि साठवण

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद आणि स्टेशनरी, भुलेश्वरला लेस, गोटा, जर, टिकल्या. एका फेरीत दिवाळीची सगळी तयारी होते. पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जो हस्तिदंती दिसतो, तो घरी पिवळट निघतो. कागद दाराबाहेर आणून उजेडात बघा, दुकानदार हरकत घेत नाहीत. एकाच रंगाचे सगळे कागद एकाच गठ्ठ्यातले घ्या, पुढच्या गठ्ठ्यात छटा बदलते. गुंडाळी करून आणू नका, ते वळण पुढे दिवसेंदिवस सुटत नाही. मी दोन पुठ्ठे आणि दोन रबरबँड पिशवीत घेऊनच निघते आणि संध्याकाळच्या गर्दीच्या आत लोकल पकडते.

घरी कागद आडवा ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत. चपलांच्या आणि औषधांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात पावसाळ्यात कागद नकोच.

पोस्टाचा विचार शेवटी करणं

वर सांगितलेल्या आकाराच्या 280 जीएसएमच्या कार्डाचं वजन पावणेनऊ ग्रॅम होतं. दोन थर मिळून 4, पाकीट आणखी 4. म्हणजे मोती लागण्याआधीच आपण 17 ग्रॅमवर असतो आणि साध्या पत्राचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा. चार कुंदन लागले की तो ओलांडला जातो. तिकीट कमी पडलं तर पत्र बैरंग होतं आणि पैसे भरावे लागतात ज्याला आपण शुभेच्छा दिल्या त्याला. म्हणून घरी तोला किंवा काउंटरवर तोलून घ्या.

ए-फोरच्या पावआकाराचं सपाट कार्ड 114 × 162 मिलिमीटरच्या पाकिटात छान बसतं. उठाव 4-5 मिलिमीटरचा असेल तर एक माप मोठं घ्या आणि कार्डाच्या तोंडावर पुठ्ठ्याची चौकट ठेवा, मध्ये मोत्यांपुरती जागा कापलेली. ठसा मारतानाचा दाब मग चौकटीवर येतो, मोत्यांवर नाही. कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच पाकिटात घाला, पाऊस पोस्टमनच्या पिशवीलाही लागतो.

पाकीट बंद करण्याआधी मी एक करते. स्टीलचं ताट घेते, कार्ड त्यावर उलटं धरते आणि चांगलं दहा-बारा वेळा झटकते. भावासाठीच्या मागच्या कार्डाचे दोन मोती असेच टणकन ताटात पडले. खरवडून पुन्हा लावले, आणखी दोन दिवस थांबले, परत झटकलं आणि मग पाकिटावर नाशिकचा पत्ता लिहिला.