लिनक्सवर बुद्धिबळ: इंजिन जोडण्याआधीची तयारी

लिनक्सवर बुद्धिबळाचा सराव करायचा तर पट दाखवणारा प्रोग्राम वेगळा आणि चाली शोधणारं इंजिन वेगळं, हे आधी लक्षात घ्या. बहुतेक अडचणी या दोघांची गाठ पडत नाही म्हणून येतात. तेव्हा आधी इंजिन बसवा, ते एकटं चालतंय ना ते बघा, मगच पटाकडे वळा.

उबुंटू किंवा डेबियनवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल स्टॉकफिश’ एवढं पुरतं. जगातल्या सगळ्यात ताकदवान इंजिनांपैकी एक फुकट मिळतं, वर त्याचा कोडही कुणालाही वाचता येतो, याचं मला फार मोल वाटतं. आवृत्ती 12 किंवा पुढची आहे ना, तेवढं पाहून घ्या. न्यूरल नेटवर्कवरचं मूल्यमापन 2020 मध्ये त्याच आवृत्तीपासून आलं. ताजी आवृत्ती प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून घेणार असाल, तर आधी ‘एलएससीपीयू’ चालवून प्रोसेसरच्या माहितीत ‘एव्हीएक्स2’ आहे का तपासा. ही प्रोसेसरची वेगवान आकडेमोडीची सोय जुन्या लॅपटॉपवर नसते, आणि चुकीची फाइल घेतली तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत इंजिन सुरू होताच बंद पडतं. उतरवलेल्या फाइलला ‘सीएचमॉड’ने चालवण्याची परवानगीही द्यावी लागते.

आता टर्मिनलमध्ये इंजिन उघडून ‘यूसीआय’ टाइप करा. पर्यायांची लांबलचक यादी सरकेल आणि शेवटी ‘यूसीआयओके’ उमटेल. मग ‘गो डेप्थ 20’ द्या. खोली (म्हणजे किती चाली पुढचं पाहिलं जातं) वाढत जाते तशा ओळी येत राहतात, स्थितीला दिलेले गुण बदलतात, आणि ‘बेस्टमूव्ह’पाशी इंजिन थांबतं. एवढं झालं की इंजिन ठणठणीत आहे. पुढे काही अडलं तर दोष पटाच्या बाजूला शोधायचा.

पटासाठी नवख्यांनी पायचेस घ्यावं, डावांचा मोठा साठा चाळायचा असेल तर स्किड. एपीटीने बसवलेलं स्टॉकफिश ‘यूएसआर’मधल्या ‘गेम्स’ फोल्डरात असतं, तो पत्ता पटाला द्या. पट फ्लॅटपॅकमधून (प्रोग्राम बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवून चालवणारी पद्धत) घेतला असेल तर त्याला तो फोल्डर सहसा दिसत नाही. अशा वेळी इंजिनाची फाइल होम फोल्डरात ठेवा आणि पटाला तिथे पोहोचण्याची मुभा द्या.

सेटिंगमध्ये ‘हॅश’, म्हणजे तपासलेल्या स्थिती साठवायची मेमरी, मुळात फक्त 16 एमबी असतं. 8 जीबी रॅम असेल तर ते 1024 करा. ‘थ्रेड्स’, म्हणजे इंजिन एकाच वेळी किती कोअर वापरेल तो आकडा, प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येपेक्षा एकाने कमी ठेवा, म्हणजे पट अडखळत नाही. ‘मल्टीपीव्ही’, म्हणजे किती चांगल्या चाली दाखवायच्या तो आकडा, 3 ठेवावं असं माझं ठाम मत आहे: एकच उत्तम चाल दिसली की आपण मान डोलावून पुढे जातो, तीन दिसल्या की घोडा का हलवायचा आणि हत्ती का नाही याचा विचार करावा लागतो. लहान मुलं खेळणार असतील तर ‘स्किल लेव्हल’ 20 वरून बरंच खाली आणा.

सिझिजी टेबलबेस, म्हणजे थोडे मोहरे उरलेल्या डावांच्या अचूक निकालांचा साठा, सगळ्यात शेवटी. पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच साधारण 1 जीबीचा आहे, तो जरूर घ्या. सहा मोहऱ्यांचा दीडशे जीबीच्या आसपास जातो. घरच्या सरावाला त्याची गरज नाही.