बर्फ पडण्याआधी दारातल्या ब्लॉकची काळजी

कॅनडातल्या मिसिसागा शहरात आमच्या घराच्या दारापर्यंत काँक्रीटच्या ब्लॉकची वाट आहे. दिवाळीची रांगोळी मी तिथेच काढते. पहिल्याच हिवाळ्यात बर्फ वितळवायला मुठी भरभरून मीठ टाकलं. मार्चमध्ये बर्फ वितळला, तर पायरीजवळच्या ब्लॉकांचे पापुद्रे सुटलेले. फार वाईट वाटलं. तेव्हापासून ही तयारी मी चुकवत नाही.

ब्लॉक नुसत्या थंडीने फुटत नाही, आत मुरलेल्या पाण्याने फुटतो. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. दुपारी वितळायचं, सांध्यांत शिरायचं, रात्री गोठायचं, असं पुन्हा पुन्हा झालं की काँक्रीट खचतं. म्हणून मला उणे पंधराचा कोरडा आठवडा चालतो, शून्याच्या वर-खाली करणारा मार्च नको वाटतो.

ऑक्टोबर लागला की कामाला लागा. आधी मेपलची पानं झाडून काढा. त्यांच्याखाली ओल धरते. शेवाळ ताठ ब्रशने घासा. मग बादलीभर पाणी ओतून बघत बसा. उतार घराच्या उलट दिशेला, फुटाला पाव इंच तरी हवा. जिथे डबकं साचेल तिथला ब्लॉक दोन पेचकसांनी उचला, खाली वाळू घालून सारखी करा आणि रबरी हातोडीने ठोकून बसवा.

खरा वेळ सांध्यांना द्या. पॉलिमरिक सँड, म्हणजे पाणी मारल्यावर घट्ट धरणारी वाळू, भरायची तर ब्लॉक खडखडीत कोरडे हवेत आणि पुढचे २४ तास पाऊस नको. खराट्याने वाळू सांध्यांत लोटा, ब्लॉक ठोका, वाळू खाली बसली की पुन्हा भरा, काठापासून जराशी खालीच ठेवा. वर उरलेला कण न् कण झाडल्याशिवाय पाणी मारू नका, नाहीतर पांढरट थर चिकटतो आणि निघता निघत नाही. पाणीही धारेने नको, फवाऱ्याने.

सीलर, म्हणजे ब्लॉकमध्ये पाणी मुरू नये म्हणून लावायचा द्रव, लावायचा असेल तर आत मुरणारा घ्या, दिवसा दहा अंशांच्या वर तापमान असताना लावा. वर चकचकीत थर धरणारा मी टाळते, खाली ओल अडकते.

बर्फ पडल्यावर तो पायाखाली दबायच्या आत प्लास्टिकच्या कडेच्या फावड्याने ओढा. घसरू नये म्हणून मी जाडी वाळू टाकते. साधं मीठ उणे दहाच्या खाली तसंही फारसं चालत नाही. बर्फ वितळवायला अमोनियमचं खत मात्र कधीच वापरू नका, ते काँक्रीटच खातं.

मार्चमध्ये एखादा ब्लॉक वर आलेला दिसला तर लगेच ठोकू नका. खालची माती अजून गोठलेली असते. ती मोकळी झाली की बरेच ब्लॉक आपोआप खाली बसतात. उरलेले एप्रिलअखेरीस उचलून नीट करा.