प्रोस्टेट काढल्यानंतर घरी : नळी, पोट, चालणं आणि गळती

आधी एक गोंधळ मिटवू. लघवी अडते म्हणून दुर्बिणीतून प्रोस्टेट आतून खरवडतात, ती शस्त्रक्रिया वेगळी. कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढतात, ती वेगळी. सोसायटीतल्या ज्या काकांची लघवीची नळी (कॅथेटर) तिसऱ्या दिवशी निघाली आणि जे पंधरवड्यात स्कूटर चालवायला लागले, त्यांची बहुधा पहिली होती. तुमची दुसरी असेल तर त्यांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण पाळू नका.

अख्खी ग्रंथी काढली की मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांच्यामधला दुवाच जातो. सर्जन मूत्राशयाचं तोंड खाली घेऊन मूत्रमार्गाला टाक्यांनी जोडतात. हा जोड नळीभोवती भरून येतो, म्हणून ती साधारण ७ ते १४ दिवस ठेवतात. रोबोने किंवा लॅप्रोस्कोपीने केलेल्या शस्त्रक्रियेत पोटावर पाच-सहा छोटेच छेद असतात आणि ते लवकर सुकतात. आठवड्याभरात माणसाला बरं वाटायला लागतं आणि नेमक्या तेव्हाच चुका होतात. पुढे जे सांगितलंय, त्यातलं बरंचसं या न दिसणाऱ्या जोडाला जपण्यासाठी आहे.

घरी येण्याआधी

परळहून ठाण्याला यायचं असो की खारघरहून ऐरोलीला, निघण्याआधी युरोबॅग, म्हणजे नळीला जोडलेली लघवीची पिशवी, पूर्ण रिकामी करा. घोडबंदर रोडला गाडी अडकली तर भरलेली पिशवी घेऊन बसावं लागतं. सीट बेल्ट लावायचाच. बेल्ट आणि पोट यांच्यामध्ये छोटी उशी ठेवा. खड्डा किंवा गतिरोधक आला की तीच उशी पोटाशी धरा. रिक्षा नको. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीसारखी घराला लिफ्ट नसेल तरी घाबरू नका. एकेक पायरी, कठड्याला धरून, मध्ये थांबत चढता येतं. दिवसातून चार वेळा चढउतार मात्र टाळा.

घरात भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर मेडिकल दुकानातून कमोड खुर्ची भाड्याने किंवा विकत आणून ठेवा. उकिडवं बसल्याने पोटावर आणि खालच्या भागावर ताण येतो. मांडी घालून जमिनीवर बसणंही काही आठवडे बंद.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये हवा. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव, नळीचा आकार आणि ती घातल्याची तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. रात्री दुसऱ्याच दवाखान्यात जायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना हेच आधी लागतं.

नळी आणि पिशवी

नळीच्या आतल्या टोकाला पाण्याने भरलेला छोटा फुगा असतो. तो मूत्राशयात अडकून नळीला जागेवर ठेवतो. नळी ओढली गेली की हा फुगा थेट जोडावर दाबतो. म्हणून मांडीवर, वरच्या बाजूला, चिकटपट्टीने नळी बसवा आणि पट्टीच्या वर थोडी ढील सोडा. पाय लांब केल्यावर लिंगाच्या टोकाशी ओढ जाणवत असेल तर ढील कमी पडतेय. पट्टी रोज बदला, एक दिवस उजवी मांडी, एक दिवस डावी. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, पट्टी घामाने सुटते. त्वचा पूर्ण कोरडी करूनच लावा.

पिशवी नेहमी कमरेच्या खाली. झोपताना पलंगाच्या कडेला हुकने अडकवा, जमिनीवर टेकवू नका. चालताना ती कापडी पिशवीत ठेवून गुडघ्याच्या पातळीवर धरा. खिशात किंवा पोटाशी वर धरली तर लघवी उलटी फिरते. दोन तृतीयांश भरली की हात धुऊन खालच्या तोटीतून रिकामी करा. तोटीचं टोक भांड्याला लागू देऊ नका. नळी आणि पिशवी यांचा सांधा उगाच सोडवायचा नाही, कारण जंतू तिथूनच शिरतात. पायाला बांधायची छोटी पिशवी दिली असेल तर रात्री मोठी पिशवी तिच्या खालच्या तोटीला जोडा.

दिवसातून दोनदा साध्या साबणाने आणि पाण्याने लिंगाचं टोक आणि नळीचा बाहेरचा बोटभर भाग धुवा. पुसताना शरीराकडून पिशवीच्या दिशेने पुसा. पुढची कातडी मागे घेतली असेल तर धुऊन झाल्यावर ती आठवणीने पुढे आणा. मागेच राहिली तर टोकाला सूज येते आणि मग ती पुढे येईनाशी होते. डेटॉल, सॅव्हलॉन, पावडर काही नको.

लघवी गुलाबी दिसली, चालून आल्यावर किंवा शौचानंतर थोडी लाल झाली, तर एक-दोन पेले पाणी पिऊन पडून राहा, बहुतेक वेळा ती निवळते. अचानक लघवीची तीव्र कळ येऊन नळीच्या बाजूने थोडी लघवी किंवा रक्त पाझरणं हेही नेहमीचं. मूत्राशय नळीला बाहेर ढकलू पाहतं, त्याची ती उबळ असते. अशा वेळी जोर करू नका, लांब श्वास घ्या. वारंवार होत असेल तर डॉक्टर गोळी देतात. तिने तोंड कोरडं पडतं आणि पोट जड होतं, हे धरून चला.

पिशवीत लघवी येणं थांबलं तर या क्रमाने बघा: नळीला पीळ बसलाय का, ती मांडीखाली दबलीय का, पिशवी पूर्ण भरलीय का किंवा वर टांगलीय का. मग उठून थोडं चाला. तरीही तासाभरात थेंब आला नाही, किंवा ओटीपोट फुगून दुखायला लागलं, तर लगेच रुग्णालयात. “पाणी कमी पडलं असेल” म्हणून वर आणखी तांब्याभर पाणी पाजू नका. आत तुंबलेली लघवी जोडाला ताणते.

आणि दोन गोष्टी घरच्यांनी लिहूनच ठेवाव्यात. पहिली: नळी निसटली तर जवळच्या दवाखान्यात किंवा घरी येणाऱ्या नर्सकडून नवी नळी घालून घ्यायची नाही. कच्च्या जोडातून आंधळेपणाने नळी घातली तर ती जोड फाडून भलतीकडे जाऊ शकते. थेट आपल्या युरोलॉजिस्टना फोन करा, मध्यरात्र असली तरी. दुसरी: नळी काढण्याआधी “मूत्राशयाला सवय” म्हणून चिमटा लावून ती तासतासभर बंद ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. या शस्त्रक्रियेत नळी कायम मोकळी वाहिली पाहिजे.

पोट साफ

कुंथणं हा जोडाचा मोठा शत्रू. वेदनाशामक गोळ्या, कमी हालचाल आणि भूल यांमुळे पोट धरतंच. पहिले तीन-चार दिवस शौचाला झालं नाही तरी चालतं, पण सारक औषध डॉक्टरांनी दिलंय ते पहिल्या दिवसापासून घ्या, अडल्यावर नव्हे. मऊ खिचडी, वरण-भात, दुधी, पपई, ताक. एकदम पोटभर न खाता चार-पाच वेळा थोडं थोडं. इसबगोल घ्यायचा तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर तोच अडतो. हरभरा, राजमा, कोबी आठवडाभर बाजूला ठेवा, कारण गॅसने पोट आधीच फुगलेलं असतं. खांद्यात दुखलं तर दचकू नका. शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे ते दुखतं आणि दोन-तीन दिवसांत जातं.

एनिमा किंवा गुदद्वारातून गोळी मात्र सर्जनना विचारल्याशिवाय कधीच नाही. प्रोस्टेटची जागा गुदाशयाला चिकटून असते आणि तिथली भिंत या काळात नाजूक असते.

पाणी दिवसाला २ ते २.५ लिटर, दिवसभरात वाटून. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील. चहा-कॉफी एखाद-दोन कपांवर आणा, ती उबळ वाढवते.

चालणं आणि वजन

घरी आल्या दिवसापासून दर दोन तासांनी पाच मिनिटं घरात किंवा इमारतीच्या पॅसेजमध्ये चाला. दिवसभर पडून राहून संध्याकाळी एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा हे बरं. नळी निघाल्यावर तलावपाळी, उपवन, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई अशा सपाट जागी हळूहळू वाढवा. सकाळच्या गारव्यात, आणि जवळ स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून.

या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो. म्हणून काहींना घरीही रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात, कधी कधी ४ आठवड्यांपर्यंत. बेंबीपासून चार बोटं सोडून, छेदांपासून लांब, कातडी चिमटीत धरून टोचायचं. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. टोचल्यावर चोळू नका, काळंनिळं पडतं. आधीपासून चालू असलेली ॲस्पिरिन वगैरे कधी सुरू करायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

सहा आठवडे ४-५ किलोंपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. पाण्याने भरलेली बादली, २० लिटरचा जार, गॅस सिलिंडर, तांदळाची गोणी आणि नातवंडं, सगळं यात आलं. नातवंड मांडीवर बसवायचं असेल तर कुणीतरी उचलून द्यावं. सायकल आणि दुचाकीची सीट नेमकी जोडाखाली दाबते, म्हणून ती किमान ६ ते ८ आठवड्यांनी आणि तेही विचारून. मोटार साधारण ३-४ आठवड्यांनी, जोरात ब्रेक दाबताना पोटात दुखत नसेल तर. टेबलावरचं काम महिन्याभरात जमतं, पण ठाणे स्टेशनचा जिना आणि सकाळची लोकल ही वेगळीच परीक्षा आहे. थोडे दिवस घरून काम मिळत असेल तर घ्या.

अंडकोश सुजून जांभळा दिसणं नेहमीचं आहे आणि ते एक-दोन आठवड्यांत उतरतं. घट्टसर अंडरवेअर घाला, झोपताना खाली टॉवेलची घडी ठेवा. आंघोळ अंगावर पाणी घेऊन. टबात किंवा पोहायच्या तलावात नाही.

नळी निघाल्यावर

काही सर्जन आधी मूत्राशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात आणि जोडातून पाझर नाही ना ते बघतात. त्या दिवशी कमरेच्या मापाचे पुल-अप डायपर, सैल पॅन्ट आणि कपड्यांचा एक जादा जोड बरोबर न्या. सकाळची वेळ मागा. नंतर लघवी अजिबात होईना असं झालं तर दिवसाउजेडी परत जाता येतं.

गळती होणार. पहिल्या दिवसांत डायपर भिजून जातं आणि बरेच जण इथेच खचतात. झोपेत कमी, उभं राहिल्यावर, खोकल्यावर आणि संध्याकाळी जास्त, असा तिचा क्रम असतो. रात्र कोरडी जायला लागली की सुधारणा सुरू झाली समजा. बहुतेकांची गळती काही आठवडे ते काही महिन्यांत आटोक्यात येते, आणि वर्षभर सुधारत राहते. गळतं म्हणून पाणी कमी करू नका. लघवी घट्ट होऊन आग वाढते. पॅड ओलं झालं की बदला, त्वचा धुऊन कोरडी करा, झिंकचं मलम लावा.

केगल व्यायाम नळी असताना करायचा नाही, निघाल्यावर सुरू करा. गॅस रोखताना आणि लघवीची धार तोडताना जो स्नायू आवळतो, तोच. आरशासमोर उभं राहा. बरोबर जमलं तर लिंगाचं मूळ किंचित आत ओढलं जातं आणि अंडकोश वर उचलतात. पोट, मांड्या किंवा कुल्ले घट्ट झाले, श्वास रोखला गेला, तर चुकतंय. ३ ते ५ सेकंद आवळा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा. १० वेळा, दिवसातून तीनदा. पुढे १० सेकंदांपर्यंत न्या. दिवसातून शंभरदा केलं तर स्नायू थकतो आणि संध्याकाळी उलट जास्त गळतं. लघवी करताना धार तोडत सराव करू नका. उठण्याआधी, शिंकेआधी, काही उचलण्याआधी एकदा आवळायची सवय लावा, खरा फायदा तिथे आहे.

काही आठवड्यांनी धार बारीक व्हायला लागली किंवा जोर लावावा लागला, तर जोड आकसत असू शकतो. दाखवून घ्या.

ताठरता यायला वेळ लागतो. मज्जातंतू वाचवले असले तरी दीड-दोन वर्षं लागू शकतात, आणि वीर्य येणं कायमचं थांबतं. डॉक्टरांशी पती-पत्नी दोघांनी बोलावं. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेची गोळी मनाने घेणं जिवावर बेतू शकतं.

थांबायचं नाही अशी लक्षणं

ताप १०१ फॅरनहाइटच्या वर किंवा थंडी वाजून येणं. मोठ्या रक्ताच्या गाठी किंवा दाट लाल लघवी. पोट फुगून उलट्या. जखमेतून पू किंवा सतत पाणी. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा, आपली गाडी काढण्यात वेळ घालवू नका.

रिपोर्ट

काढलेल्या ग्रंथीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या. पुढचे उपचार लागतील का ते त्यावर ठरतं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी, घाईने करू नका. रक्तातलं उरलेलं पीएसए दर २-३ दिवसांनी निम्मं होत जातं, म्हणून साधारण ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात. तोवर ते ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेलेलं असावं अशी अपेक्षा असते. पुढची प्रत्येक तपासणी त्याच लॅबमध्ये करा, लॅब बदलली तर आकड्यांची तुलना अवघड होते.