गावची एसटी टिकवायची तर आधी रस्ता मोजा

"आमच्या गावाला एसटी सुरू करावी" एवढ्या एका ओळीच्या ठरावावर आगार व्यवस्थापक काहीच ठरवू शकत नाही. गाडी कुठे वळणार आणि तिच्यात बसणार किती जण, हे त्याला कागदावर लागते. हे दोन्ही ग्रामपंचायत स्वतः तयार करू शकते.

टेप घेऊन दोघांनी फाट्यापासून गावठाणापर्यंत चालत जावे. मोठी एसटी साधारण ११ ते १२ मीटर लांब आणि २.६ मीटर रुंद असते. एका दमात वळायला तिला सुमारे २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. गावठाणात ती बहुधा नसतेच. मग रस्त्याला काटकोनात १४ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असा कडक मुरमाचा फाटा काढावा, गाडी त्यात मागे घेऊन वळेल. हा फाटा शाळेच्या दारासमोर मात्र नको. रस्त्यावर झुकलेल्या फांद्या ४.५ मीटर उंचीपर्यंत छाटाव्यात. लोंबणाऱ्या तारांसाठी महावितरणकडे लेखी अर्ज द्यावा, त्यांना स्वतः हात लावू नये.

गावची फेरी बंद होते ती बऱ्याचदा साइडपट्टीमुळे, म्हणजे डांबराच्या कडेच्या मुरमाच्या पट्टीमुळे. गळीत हंगामात समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की एसटीला डांबरावरून खाली उतरावे लागते. तिथे वीतभर खोल कड असेल तर चालक उतरणार नाही, आणि उतरला तर डांबराची कड तुटते. भर घालताना मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी टाका, प्रत्येक थराला पाणी मारा, रोलर फिरवा. बाहेरच्या बाजूला मीटरमागे ४ सेंटिमीटर उतार ठेवा. डंपरने नुसता ओतलेला मुरूम पहिल्या वळिवात शेतात जातो, बिल मात्र पूर्ण निघते.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस पट्ट्यात मूळ दुखणे वेगळे आहे. उसाच्या पाटाचे पाणी रस्त्याखाली मुरते, काळी माती फुगते, वाळली की भेगाळते आणि डांबर फाटते. त्यावर पुन्हा डांबर ओतणे म्हणजे पैसे पाण्यात. आधी कडेला चर काढा. चराचा तळ रस्त्याच्या पायाच्या थरापेक्षा खाली हवा. रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या मोरीला ३० सेंटिमीटरचा पाइप टाकू नका, पाचट अडकून तो पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो. ९०० मिलिमीटरचा पाइप घ्या आणि त्यावर किमान ६० सेंटिमीटर भराव ठेवा, नाहीतर ऊसवाहतुकीच्या वजनाने तो फुटेल. साताऱ्यातल्या पाटण-जावळीकडे डोंगराच्या बाजूचे गटार मेअखेर साफ झालेच पाहिजे. ते दरडीच्या मातीने भरले की पाणी रस्त्यालाच ओढा करते.

गावठाणात काँक्रीट करणार असाल तर नळजोडण्यांचे पाइप आधी आडवे टाकून घ्या. जुन्या थरावर नवा थर चढवू नका, उंबरे खाली जातात आणि पाणी घरात शिरते. १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटला दर ४ मीटरवर ५ सेंटिमीटर खोल काप २४ तासांच्या आत द्या आणि १४ दिवस पाणी मारा. उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून सातव्या दिवशी ट्रॅक्टर सोडू नका.

रस्ता कोणाचा, हे आधी बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामचे. मार्गाला क्रमांकच नसेल तर निधी मागताना फाइल तिथेच अडते, म्हणून नोंदणीचा ठराव पहिला. साइडपट्टी, निवारा यांसारखी छोटी कामे, रस्ता ज्याचा त्याची ना-हरकत घेऊन, वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून होतात, पण ती गावाच्या वार्षिक आराखड्यात असावी लागतात. मोठी कामे जिल्हा नियोजनातून, ३०५४ (देखभाल-दुरुस्ती) किंवा ५०५४ (भांडवली कामे) या लेखाशीर्षांखाली मागावीत.

प्रवाशांची मोजणी सलग सात दिवस करा, आठवडी बाजाराचा दिवस धरून. आषाढीच्या दिवसांत नको, तेव्हा गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात आणि आकडा खोटा येतो. दर अर्ध्या तासाला किती जण, कुठे निघाले, वडापने (खासगी जीपने) गेले की दुचाकीने, हे लिहा. पासवाले, निम्म्या तिकिटाच्या महिला आणि ज्येष्ठ यांचे रकाने वेगळे ठेवा. मुख्याध्यापकांकडून विद्यार्थ्यांची संख्या आणि शाळेच्या वेळा घ्या. शाळा १०.३० ला आणि गाडी ११ ला, अशी फेरी महिन्यात रिकामी धावू लागते आणि मग उत्पन्न नाही म्हणून बंद होते. रात्री गावातच थांबणारी मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकाला कुलूप लागणारी खोली, दिवा, पाणी आणि शौचालय द्या. मंदिराच्या ओसरीवर झोपायला लावून मुक्काम टिकत नाही.

सांगलीजवळच्या नदीकाठच्या गावांनी आणखी एक कागद जोडावा. सांगलीत कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या पुलाजवळ पाणीपातळी किती फूट असताना आपल्या कोणत्या ओढ्यावरचा रस्ता बुडतो, हे २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणांवरून लिहून काढा, पर्यायी रस्ता जोडा आणि जूनच्या आधी आगारात द्या. तोच तक्ता निवाऱ्याच्या भिंतीवर रंगवून घ्या, पण पुराच्या खुणेच्या वर.