पुढचे सस्पेन्शन खाली घेताना बुशचे बोल्ट शेवटी आवळावेत

आखूड स्प्रिंग बसवून गाडीचा पुढचा भाग खाली घेतल्यावर लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्या, लवकर फाटतात, कारण त्यांचे बोल्ट जुन्या उंचीवर किंवा चाके लोंबत असताना आवळलेले असतात आणि रबराला कायमचा पीळ पडतो.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. नव्या स्प्रिंग बसल्या की आर्मच्या बुशचे बोल्ट थोडे सैल करावेत, चाके बसवावीत आणि मागच्या चाकांना अडण्या लावून, पुढच्या दोन्ही चाकांखाली सारख्या उंचीचे भरीव लाकडी ठोकळे ठेवून गाडी त्यांवर हळूहळू टेकवावी. जॅक स्टँड मात्र आधारासाठी खालीच राहू द्यावेत. पुढचा भाग हाताने दोन-तीनदा दाबून सोडला की स्प्रिंग आपल्या जागी बसते. आता अंतर पुन्हा मोजावे, दोन्ही बाजू जुळत असतील तरच गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) बोल्ट आवळावेत. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. उंची बदलली की टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण, बदलतोच.

स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) माथ्यावरचा मधला नट मात्र, समोरासमोर लावलेल्या दोन स्प्रिंग-कॉम्प्रेसरांनी (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्यारांनी) स्प्रिंग पुरती दाबली जाऊन वरच्या बैठकीत सैल हलू लागेपर्यंत, कदापि उघडू नये.