जुना फ्लॅट बघायला जाताना: आधी जिवाचं, मग पैशाचं

नाशिकात जुना फ्लॅट किंवा रो-हाऊस बघायला जाणारी मंडळी साधारण एकाच क्रमाने घर बघतात. हॉल केवढा, ओटा कुठल्या दिशेला, पार्किंग किती, मेंटेनन्स किती, आणि मग भावाची घासाघीस. बाथरूममधला गीझर गॅसचा आहे की विजेचा, हे मात्र विसार देऊन, साठेखत करून, सामान हलवल्यावर कळतं. माझा आग्रह एवढाच की हा क्रम उलटा करा. ज्याने जीव जाऊ शकतो ते आधी बघा, ज्याने पैसे जातात ते नंतर, रंग आणि फर्निचर अगदी शेवटी. खालची यादी त्याच क्रमाने लिहिली आहे. भाड्याने राहायला जाणाऱ्यांना ती तेवढीच लागू आहे, आणि वीस वर्षं स्वतःच्याच घरात राहणाऱ्यांनाही.

बरोबर न्यायच्या वस्तू थोड्याच आहेत. चांगला टॉर्च, मोजायची टेप, पेन्सिल, एक नाणं, एक गोटी, जुनं एटीएम कार्ड आणि सॉकेटला अर्थिंग आहे का ते दाखवणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर. हा टेस्टर इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो आणि सगळ्यांत जास्त तोच कामाला येतो. जायचं ते भर दुपारी, स्वच्छ उजेडात. जमलं तर आणखी एक फेरी पावसाची झड लागलेली असताना मारा. उन्हाळ्यात ताज्या रंगाखाली जे लपतं, ते श्रावणात भिंत स्वतःहून दाखवते.

आत शिरलात की हॉलमध्ये रेंगाळू नका, थेट बाथरूममध्ये जा. तिथे गॅसचा गीझर भिंतीला लटकलेला दिसला, तर बाकीचं घर कितीही देखणं असो, पहिली नोंद त्याची करा. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. चार बाय सहाच्या बंद जागेत हवा अपुरी पडू लागली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळाला तर निदान वास येतो आणि माणूस सावध होतो. इथे सिलिंडर ठीक, पाइप ठीक, पाणी गरम, आणि अंघोळ करणाऱ्याचं डोकं जड होतं, चक्कर येते, हातापायातलं त्राण जातं. हाक मारायची शुद्ध राहत नाही आणि दाराला आतून कडी असते.

नाशिकची थंडी हा धोका वाढवते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि गार वारा येऊ नये म्हणून लोक झरोका बंद करतात. काचपट्ट्यांवर आतून पुठ्ठा लावलेला, त्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी, पट्टीच्या कडा वाफेने पिवळ्या पडलेल्या, आणि दीड-दोन फुटांवर गॅस गीझर: हे मी बघितलं आहे, आणि घरातल्या कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो लावायचं राहून जाऊ शकतं, आणि वीज गेली की तो बंद पडतो. गीझरची ज्योत मात्र चालूच राहते. उपाय एकच. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या ड्राय बाल्कनीत हलवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. ते शक्य नसेल तर विजेचा किंवा सोलर घ्यायचा. ही अट राहायला जाण्याआधी पूर्ण झाली पाहिजे, कारण ‘नंतर करू’ म्हटलेलं काम पहिल्या थंडीपर्यंत तसंच राहतं.

मग वीज. खालच्या मीटरपासून सुरुवात करा. जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये मीटरची पेटी असते, तिला खेटून दुचाक्या लावलेल्या असतात, जुने गाद्या-पुठ्ठे टाकलेले असतात. मीटरच्या जोडणीत ठिणगी पडली की पेट्रोलच्या टाक्या शेजारीच, आणि धूर चढतो तो जिन्यातूनच, म्हणजे खाली उतरायच्या एकमेव वाटेने. मीटरजवळची जागा मोकळी आहे का, पेटीला झाकण आहे का, वायरी उघड्या लोंबतात का, हे फ्लॅट बघण्याआधीच दिसतं.

घरातल्या वितरण पेटीत काय बसवलंय ते नावासकट लिहून घ्या. पुष्कळ लोक एमसीबी दिसला की समाधान मानतात. एमसीबी वायर वाचवतो: लोड वाढला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. माणसाला शॉक बसताना तो जागचा हलेलच असं नाही, कारण जीव घ्यायला लागणारा करंट त्याच्या हिशेबात फारच थोडा असतो. माणूस वाचवतो तो आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारं उपकरण, ज्याला आपले वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा हवा. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. घरमालकाला विचारून ते दाबा. खटकन वीज गेली तर उपकरण जिवंत आहे. काहीच झालं नाही तर ते नुसतं शोभेला आहे. कधीकधी ते सारखं पडतं म्हणून वैतागून वायरमनकडून वगळून टाकलेलं असतं, जागेवर दिसतं पण वीज त्याच्यातून जातच नाही. तेही या बटणाने कळतं. जुन्या इमारतींत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज सापडतात आणि त्यात फ्यूजवायरच्या जागी जाड तांब्याची तार पिळलेली असते. असं दिसलं की पूर्ण वायरिंग नव्याने करायचा खर्च किमतीत धरा.

आता सॉकेट टेस्टर काढा आणि फ्रीज, वॉशिंग मशीन, गीझर, मोटर या चार जागी नक्की लावा. तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची हिरवी वायर असतेच असं नाही. एका स्विचबोर्डाचं झाकण उघडल्यावर हिरवी वायर कापून, गुंडाळून कोपऱ्यात खोचलेली मी पाहिली आहे. सॉकेट बाहेरून अगदी नवा होता. घरातली अर्थिंग बरोबर असली तरी पुढचा प्रश्न सोसायटीला विचारा: अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवताना तो बुजवला जातो आणि मग त्यात पाणी टाकायचं, त्याची मोजणी करून घ्यायची कुणाच्या डोक्यातही येत नाही. खड्डा दाखवता आला नाही, तर अर्थिंग नाही असं धरून लायसन्सधारक वायरमनकडून मोजून घ्या.

३ किलोवॉटचा गीझर साधारण १३ अँपिअर ओढतो. तो सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर चालवलेला असेल तर सॉकेटची भोकं तपकिरी, वितळल्यासारखी दिसतात. असा डाग हा रंगाचा दोष समजून सोडून देऊ नका.

स्वयंपाकघरात खाली वाकून बघा. शेगडीच्या नळीवर छापलेली तारीख वाचा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. ग्रॅनाइटच्या भोकातून नळी ओढून घेतली असेल तर कडेला घासलेली जागा बोटाने चाचपा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला की जमिनीलगत साठतो, म्हणून ओट्याखालच्या बंद कपाटाला तळाशी जाळी हवी. नाशिकच्या बऱ्याच भागांत आता पाइपचा गॅस आला आहे. तो हलका असतो, वर जातो, त्याला छताजवळ वाट हवी. किचनची बाल्कनी काचेने पॅक करून घेतलेल्या घरांत कधी वरची वाट बुजलेली असते, कधी खालची, कधी दोन्ही. सिलिंडरच्या कडीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ती पुढच्या चाचणीची मुदत असते, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि पुढे तसंच. गळतीसाठी १९०६ हा नंबर घरातल्या लहानांनाही माहीत असू द्या.

बाल्कनी आणि गच्चीवर जाताना लहान मुलाच्या उंचीने बघा. कठडा निदान एक मीटर हवा, टेपने मोजा. गजांमधली फट चार इंचांहून कमी हवी. आडवे गज दिसायला छान, पण मुलांना ती शिडीच वाटते. रेलिंग जिथे लाद्यांत रोवलेलं असतं तिथे पाणी साचून लोखंड आतून खातं, आणि वरून दरवर्षी ऑइलपेंट चढत राहतो. त्यावर रेलून बघू नका. आत उभं राहून हाताने हलवा. रो-हाऊसमध्ये आतल्या जिन्याला कठडाच नसणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. गच्चीजवळून ११ केव्हीची, म्हणजे उच्च दाबाची विजेची लाइन जात असेल तर ती आडवी निदान १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर दूर असायला हवी. वर मजला चढवला, पत्र्याची शेड काढली की हे अंतर गुपचूप कमी होतं. संक्रांतीला मुलं पतंग घेऊन याच गच्चीवर असणार आहेत.

इमारतीच्या तब्येतीकडे आता वळा. सगळ्या भेगांना घाबरायचं कारण नाही. कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटते तिथली बारीक उभी रेघ बहुतेक वेळा गिलाव्याची असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी भेग वेगळी. नाशिकच्या आसपास काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. एटीएम कार्ड भेगेत सहज शिरलं तर मी फोटो काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवतो. राहत्या घरात भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा, पावसाळ्यानंतर परत बघा. भेग खुणेपुढे गेली तर ती जिवंत आहे.

स्लॅबखाली टॉर्च तिरका धरा. तांबूस रेघा सरळ ओळीत दिसल्या तर आत सळई गंजते आहे. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं, म्हणून आधी पोपडे, मग तुकडे, मग उघडी सळई असा क्रम असतो. नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तिथला थर सुटला आहे. एकाच खोलीत नवं पीओपीचं छत असेल तर ते का केलं हे स्पष्ट विचारा, आणि वरच्या मजल्यावर त्याच जागी बाथरूम आहे का ते वर जाऊन बघा. नाशिकच्या सिडको वसाहतीत मूळ लहान घरांवर एकेक मजला चढवलेला आढळतो. तिथे पाया कितीसाठी होता आणि वाढीव बांधकामाची परवानगी आहे का, हे कागदावरच बघा. हॉल मोठा करायला भिंत काढली असेल, एसीच्या पाइपसाठी बीम कोरला असेल, तर तिथून पुढे इंजिनिअरशिवाय जाऊ नका.

जुन्या नाशकातल्या वाड्यांचं प्रकरण निराळं. मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसात माती पाणी पिते आणि वजन वाढतं, तर तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक ओलीने आणि वाळवीने आतून पोखरलेलं असतं. नेमकं ते टोकच बाहेरून दिसत नाही. पावसाळ्यात वाडे कोसळतात ते यामुळे. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागलेली असेल तर तिथे भाडं स्वस्त आहे म्हणून एक पावसाळासुद्धा काढू नका. जुना रंग कोरडा खरवडताना शिशाची धूळ उडू शकते, लहान मुलं घरात असताना ते काम करू नका. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते फोडू नका, कापू नका.

ओल, गळती आणि उतार हा पैशाचा भाग. बाथरूममध्ये आणि बाल्कनीत गोटी सोडा, ती जाळीकडे गेली पाहिजे. गच्चीवर कोब्याच्या भेगा आणि पावसाळी पाइपांची तोंडं बघा. भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे क्षाराचा थर दिसला की पाणी आतून येतंय.

लिफ्ट जाळीच्या दाराची असेल तर लहान मुलांचा विचार करा. जिन्यात सायकली आणि चपलांची कपाटं नकोत, आणि खिडकीच्या बॉक्स ग्रिलला आतून उघडणारा एक भाग हवा. मोठ्या सोसायटीत अग्निशमन यंत्रणेचा ‘फॉर्म बी’, म्हणजे ती चालू असल्याचा दाखला मागा; तो दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो.

शेवटी कागद. भोगवटा प्रमाणपत्र आहे का? इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या २६५ अ कलमाखालची स्ट्रक्चरल तपासणी झाली आहे का? इमारत नवी असेल तर रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याच्या १४(३) कलमाने ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. गोदावरी, नासर्डी किंवा वाघाडीच्या काठचं घर असेल तर पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. २००८, २०१६ आणि २०१९ साली पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवेल. त्या खुणेच्या खाली मीटर बसवलेले असतील तर ते वर घ्यायला लागतील.

सापडलेले दोष फोटोंसह एका कागदावर उतरवा, आणि गीझर, आरसीसीबी, अर्थिंग, रेलिंग ही चार कामं कोण करणार, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे साठेखतातच लिहून घ्या. विसाराची रक्कम त्यानंतर द्या.