गृहकर्जाचा अर्ज भरण्याआधी आकडे जुळवून घ्या

मुंबईतल्या घरांच्या किमती पाहून पगार फुगवून दाखवण्याचा किंवा जुनं पर्सनल लोन लपवण्याचा मोह होतो. पण हप्ते सिबिलमध्ये (तुमच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी संस्था) दिसतात आणि पगारावर कापलेला टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या विवरणात.

आधी सिबिल रिपोर्ट (वर्षातून एकदा मोफत मिळतो) आणि आयकर पोर्टलवरून २६एएस डाउनलोड करा. सॅलरी स्लिप व ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट त्यांच्याशी ताडून पाहा. तफावत असेल तर कारण लेखी जोडा. पात्रता कमी पडली तर कमावत्या जोडीदाराला सहअर्जदार करा, किंवा एखादं छोटं कर्ज आधी फेडून टाका. बहुतेकदा एवढ्यानंही पात्रता वाढते.

एजंटने पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. त्याने खोटी स्लिप जोडली तरी बँक तुम्हालाच जाब विचारते: मंजुरी रद्द होऊ शकते, दिलेलं कर्ज एकरकमी परत मागितलं जाऊ शकतं, फसवणुकीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो.